धुऊन परत आलेली बशी

दमनहूर
रमजान ३

वगीह, बाळा,

तुला फोनच करणार होते, पण फोन वरच्या मजल्यावर आहे आणि वरच्या मजल्यावर तुझी आई आहे. आमच्या फोनचा अर्ज कचेरीत पडून आहे. तो मंजूर होईल तोवर मी कबरीत गेलेली असेन. तिथेच जोडून द्या म्हणावं. तेव्हा तुझी सख्खी मावशी पत्रावर आली आहे. कागद भूगोलाच्या वहीचा आहे. तुझ्या अम्मोंनी, म्हणजे आमच्या लबीबनी, नोकरी सुटताना शाळेतून एवढंच आणलं, वह्या आणि मधुमेह.

तुझी मालिका बघतेय. इफ्तारची तोफ झाली, पहिला घोट पाणी प्यायलो, आणि पडद्यावर तुझं नाव आलं. मी शेजारपाजारच्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. ‘एकच जिना’ हे नाव बरं आहे. आपल्या इमारतीचा जिना इतका स्वच्छ जन्मात कधी नव्हता, पण टीव्हीवर काय, सगळंच लख्ख.

मालिका कैरोतल्या इमारतीची आहे असं तू कितीही भासव, मी पहिल्याच दिवशी ओळखलं. खालच्या मजल्यावरची नर्गिस, सगळ्यांचं करून करून झिजलेली, एका शब्दाने कुणाला न दुखावणारी, ती मी. आणि वरची सौसन, नाक छताला लावून चालणारी, ती तुझी आई. मुलगा असूनही तू खरं लिहिलंस, याचं मला कौतुक वाटतं. ती सौसन बाल्कनीतून दोरीला बांधलेली टोपली सोडताना खालच्या कठड्यावर जशी मुद्दाम आपटते, तशीच हुबेहूब तुझी आई इगलाल आपटते. काल तिने टोपलीतून मुळे आणवले. त्यांचा चिखल माझ्या वाळत घातलेल्या चादरीवरून घासत वर गेला.

आणि बशीचा प्रसंग तू घातलास, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. रमजानात भरली बशी शेजारी गेली की ती रिकामी परत येत नाही, हे आपल्याकडे पाळण्यातलं पोरही जाणतं. दोन लिंबं ठेव, चार खजूर ठेव, पण काहीतरी ठेव. मी त्या वर्षी तुझ्या आईला कतायफ तळून, पाकात बुडवून पाठवल्या, माझ्या निळ्या काठाच्या बशीत. ती बशी परत आली रिकामी. नुसती रिकामी नव्हे, धुऊन! म्हणजे तुमच्या पाकाचा ओघळसुद्धा आमच्या घरात नको. आणि आणली कुणी, तर बिचाऱ्या लबीबनी, मान खाली घालून. माझ्याच नवऱ्याच्या हातून माझा अपमान पाठवला तिने. आता सांगत फिरते की मी रव्याची गोड बसबूसा भरून पाठवली होती. मग गेली कुठे? जिन्याने खाल्ली?

तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नाही, ती माझ्याशी बोलत नाही. तुझ्या लग्नातही आम्ही दोन टोकांना बसलो होतो, आठवत असेल.

शेवट नीट कर. सगळ्या मिसर देशाने बघावं की चूक कुणाची होती.

तुझी
तफीदा खाला

ता.क. नर्गिसचा सोफा फार फाटका दाखवलाय. माझा तसा नाही.


कैरो
रमजान ६

प्रिय खाला,

पत्र स्टुडिओत मिळालं. उत्तर मेकअपच्या खोलीत बसून लिहितोय, कारण बाकी सगळ्या खोल्यांत कुणी ना कुणी माझ्यावर ओरडतंय.

आधी एक गोष्ट. नर्गिस म्हणजे तू नाहीस आणि सौसन म्हणजे आई नाही. ही माणसं मी डोक्यातून काढलीत. मान्य, बशी मी आपल्या घरातून उचलली. पण लेखकाला कुठूनतरी उचलावंच लागतं, आणि बाहेरून उचलून आणायला इथे वेळ कुणाला आहे? प्रेक्षकांना वाटतं, तीस भाग तयार होऊन डब्यात बसलेत. खाला, निम्मेही तयार नाहीत. सकाळी मी पानं देतो, दुपारी उपाशीपोटी नट ती घोकतात, आणि त्या आठवड्यात ती तुमच्या घरात येतात. आमचे निर्माते शौकत बे रोज दारातून डोकं घालून विचारतात, “लिहितोयस की झोपलायस?” त्यात मालिकेला पैसे देणारे तूपवाले आहेत. त्यांची अट आहे की प्रत्येक भागात कुणीतरी काहीतरी तळलंच पाहिजे. काल मी एक मयताचा प्रसंग लिहिला. त्यातही समोसे तळावे लागले.

आईचा रोज फोन येतो. तीही खूश आहे. तिच्या मते सौसन म्हणजे ती: स्वाभिमानी, सोशिक, राजा मनाची. आणि खालची नर्गिस, जी भिंतीला कान लावून बसते, ती तू. आता मी काय बोलणार? दोघींनाही मालिका आवडतेय, एवढंच माझ्या मते पुष्कळ आहे.

शेवट काय होईल, मलाच ठाऊक नाही.

बाकी, आईच्या सामानासाठी पुठ्ठ्याचे खोके लागतील, ते अम्मो लबीबना बघायला सांगशील का? ईदनंतर ती इकडे येतेय, कायमची. तिच्या गुडघ्यांना आता तो जिना झेपत नाही. वरची जागा आम्ही मालकाला परत देतोय. तुला ठाऊक असेलच म्हणा, एका इमारतीत राहता.

तुझा
वगीह


दमनहूर, स्टेशनजवळचा कॅफे
रमजान ८

आदरणीय लेखक वगीह यांस,

इफ्तारनंतर चालायला जातो असं घरी सांगून इथे बसलोय. हे पत्र तुझ्या खालाला ठाऊक नाही आणि ठाऊक होण्याची गरजही नाही. कारण विषय निव्वळ कलेचा आहे.

मी भूगोलाचा माणूस. नाटकातलं मला कळत नाही. पण काल तुझ्या मालिकेत नर्गिसचा तो पोलिसातला जावई बशीचा तपास करायला निघाला. बशी वरून निघाली कधी, खाली पोचली कधी, मधे कोण भेटलं, हे विचारत दारोदार फिरू लागला. माझ्या मते याने कथानकाचा तोल जातो. प्रेक्षक रोजा सोडून जड पोटाने बसलेला असतो. त्याला तपास नको असतो, हसू हवं असतं. तुझ्या खालाला मात्र हे भलतंच आवडलंय. ती म्हणते, आता लागेल सोक्षमोक्ष. ती असं म्हणाली आणि माझा सूपचा चमचा तोंडापाशीच थांबला.

मी एक नम्र सूचना करू का? मांजर घाल. जिन्यात मांजर असतंच. बशी जिन्यावर टेकवली, मांजराने तोंड घातलं, संपलं. कुणावर आळ नाही, सगळ्यांना हसू. मांजर बसबूसा कसं खाईल, असं कुणी म्हणेल. पण प्रत्येक वडीवर एकेक अख्खा बदाम बसवलेला असला, तुपात परतलेला, बाहेरून खमंग, तर मांजराचाच काय, कुणाचाही तोल जाईल. आणि मग बशी खालच्या दारातल्या नळावर धुतली गेली. म्हणजे, समजा, इमारतीच्या राखणदाराने धुतली. मांजराचं उष्टं म्हणून.

कलेसाठी विचार कर. आणि उत्तर घरी पाठवू नकोस, इथे कॅफेच्या पत्त्यावर पाठव.

तुझा शुभचिंतक
लबीब अब्दुल-मुगनी
(निवृत्त)


कैरो
रमजान ११

प्रिय अम्मो,

तुमची सूचना कलेच्या दृष्टीने फार मोलाची आहे. फक्त एक शंका.

बसबूसा होती, हे आई एवढी वर्षं सांगतेय आणि कुणी विश्वास ठेवला नाही. खरं सांगायचं तर मीही नाही. मला वाटायचं, बाजू सावरायला म्हणतेय. पण प्रत्येक वडीवर तुपात परतलेला अख्खा बदाम होता, हे तिने फक्त मला सांगितलंय, तेही एकदाच. मालिकेत मी ते कुठेही लिहिलेलं नाही. तुमच्या मांजराला कसं कळलं?

आणि तो दारातला नळ.

अम्मो, बशी तुमच्या हातात होती. मी आणि माझा तो पोलिसातला जावई दोघं मिळून तुम्हाला विचारतोय. घाबरू नका, रागावलेलो नाही. पण आई ईदनंतर घर सोडून जातेय. तुम्हाला हे कळलंय का? त्या दोघी आता नाही बोलल्या तर पुन्हा एकमेकींच्या दारापुढून जाणारही नाहीत.

तुमचा
वगीह


दमनहूर, तोच कॅफे
रमजान १४

वगीह, बेटा,

तीन वेळा पत्र लिहिलं आणि फाडलं. कॅफेवाल्याला वाटतंय मी कुणाला तरी प्रेमपत्रं लिहितोय.

खाल्ली. मीच खाल्ली. सगळी.

इगलालने दार उघडून बशी हातात दिली तेव्हा ती गरम होती. मी एक जिना उतरलो आणि वळणावर बसलो. डॉक्टरने गोड बंद करून त्या वेळी फार दिवस झाले होते. म्हटलं, एक वडी. कोपऱ्यातली. मग ती जागा ओकी दिसायला लागली, म्हणून बाजूची. मग बशी निम्मी दिसायला लागली, आणि निम्मी बशी नेली तर तफीदा विचारेल, निम्मी का. म्हणून उरलेली. मग पाक राहिला बशीला आणि बोटांना. म्हणून नळावर धुतली. मला वाटलं, मी पुरावा धुतोय. ती अपमान समजेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. डोक्यात तेव्हा फक्त साखर होती.

दारात गेलो तर तफीदा बशीकडे बघतच राहिली. आणि तिचा आवाज असा चढला, वगीह, की मला तोंड उघडायला जागाच राहिली नाही. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. तोवर तिने सगळ्या गल्लीला सांगितलं होतं.

पण खरं कारण वेगळंच आहे. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या रमजानच्या पहिल्या दिवशी, पुन्हा डॉक्टरकडून आलो तेव्हा मी गोड खात नाही यावर तिचा विश्वास बसेना. म्हणून मी जोरात बोलून गेलो. म्हटलं, “या महिन्यात साखरेचा कण जिभेला लावला तर माझ्याकडून तुला तलाक!” आपल्याकडे भाजीवाल्याशी भाव करतानाही माणसं हीच शपथ घेतात, तुला ठाऊक आहे. मीही घेतली. आणि आठवड्याभरात बशीभर बसबूसा खाल्ली.

तेव्हापासून मला कळत नाही की जी बाई रोज माझ्यासमोर सूप ठेवते, ती माझी बायको आहे की परकी स्त्री. मशिदीतल्या शेखला विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं आणि तो म्हणाला की होय, तलाक झाला, तर मी जाऊ कुठे? न विचारता राहिलो तर निदान घरात राहतो. पण तुझी मालिका सुरू झाल्यापासून मला तिच्या बाजूला झोपवत नाही. बैठकीतल्या सोफ्यावर झोपतो. कंबर दुखते म्हणून सांगितलंय.

मांजर घाल, वगीह. मी तुझ्या पाया पडतो.

लबीब


दमनहूर
रमजान १६

वगीह,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. मी बाल्कनीत बसून होते.

तिची टोपली वरखाली जाते. आधी मुळे, भाकऱ्या जायच्या. आता सुतळी जाते, रद्दी वर्तमानपत्रं जातात, काल एक मोठी चिकटपट्टी गेली. मी सगळं मुकाट बघते. सख्खी बहीण घर सोडून जातेय आणि मला कळतं कुणाकडून, तर तिच्या मुलाच्या पत्राच्या शेपटीत, खोक्यांच्या निमित्ताने. एवढाही हक्क नाही राहिला माझा? एकदा जिन्यात खाकरली असती तरी मी समजले असते. अरे, आम्ही लहानपणी एका रजईत झोपायचो. रजई तीच ओढून घ्यायची, ते सोड.

हो, मला वाईट वाटतंय. लिहिताना लाज वाटते, पण वाटतंय.

आता नीट वाच. मी आपण होऊन वर जाणार नाही. माझा अपमान झालाय आणि सगळ्या गल्लीला ते ठाऊक आहे. मी आपण होऊन गेले तर उद्या भाजीवालीसुद्धा माझ्या डोक्यावर मिरी वाटेल. पण शेवटच्या भागात नर्गिस वर गेली, तर मी जाईन. सगळे म्हणतील, मालिका बघून गेली, मन द्रवलं बाईचं. त्यात कमीपणा नाही. आणि नर्गिस नाही गेली, तर मीही नाही जाणार. हे मी सगळ्या इमारतीला सांगून टाकलंय. शेवटच्या दिवशी सगळ्यांना माझ्याकडे इफ्तारला बोलावलंय, म्हणजे कुणी नंतर म्हणायला नको की तफीदा फिरली. तुझ्या आईपर्यंत ते पोचलंच असेल. तिचे कान काही गुडघ्यांसारखे दुखत नाहीत.

तेव्हा आता तुझ्या हातात आहे. पेन उचल आणि नर्गिसला जिना चढव. एवढा मोठा लेखक झालास, दोन बायकांना एक जिना चढवता येत नाही?

एक आणखी गोष्ट, ही फक्त तुझ्यात नि माझ्यात. तुझ्या अम्मोंचं काहीतरी चाललंय. सोफ्यावर झोपतात. सूप टाकून उठतात. रोज चालायला म्हणून जातात आणि बोटांना शाई लावून येतात. परवा राखणदाराला विचारत होते की मशिदीतले शेख कधी भेटतात. या वयात माणूस शेखला कशासाठी शोधतो? औषधाच्या दुकानातली ती विधवा मला आधीपासूनच आवडत नाही. दुसरं लग्न करायचं असेल तर खुशाल करा म्हणावं, पण माझा निळा सोफा नेता येणार नाही.

तफीदा खाला


कैरो
रमजान १९

प्रिय अम्मो,

आधी चांगली बातमी. ही मालिका तीस दिवस लोकांच्या घरात जाते, म्हणून धर्माला सोडून त्यात काही जाऊ नये यासाठी एक वयस्कर शेख आमची पानं वाचायला येतात. मी काल त्यांना विचारलं, एका पात्राने रागात तलाकची शपथ घेतली आणि मग बसबूसा खाल्ली, तर त्याचं काय होतं? त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, त्याला बायकोला सोडायचं होतं का? मी म्हटलं, छे, त्याला बसबूसा सोडायची होती. ते म्हणाले, मग तलाक झाला नाही. शपथ मोडली, तेवढं प्रायश्चित्त आहे: दहा गरिबांना जेवू घालायचं, आणि तोंडाला लगाम घालायचा.

मग म्हणाले, “वगीह, दर रमजानात दोन-तीन लेखक मला अशाच पात्राबद्दल विचारतात. तुझ्या पात्राला सांग, सोफ्यावरून उठ.” अम्मो, सोफ्याचं मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

तर तुम्ही नवराबायको आहात. अभिनंदन.

आता वाईट बातमी. खालाने पण केलाय की नर्गिस वर गेली तरच ती वर जाईल. मी काल शौकत बेंना सांगितलं की शेवटच्या भागात दोघी बहिणी भेटतात. ते असे बघायला लागले की जणू मी स्टुडिओला काडी लावायला निघालोय. म्हणाले, “हे पहिलं पर्व आहे. दुसरं पर्व आखातातल्या वाहिनीने भांडणासकट विकत घेतलंय. त्या भेटल्या तर पुढच्या रमजानात मी काय दाखवू, तूप?” शेवट ठरलाय: दोघी आपापल्या बंद दारामागे उभ्या, हात कडीवर, आणि पडदा काळा.

जावयाचा तपासही बंद केलाय मी. मालिकेत बशी कुणी रिकामी केली ते पुढच्या वर्षापर्यंत कळणार नाही. मांजर नाही घातलं. तुम्ही सुटलात.

पण आई पुढच्या वर्षी तिथे नसेल. अम्मो, मी फक्त पडद्यावरची दारं बंद करू शकतो. खरं दार तुमच्या घराला आहे.

तुमचा
वगीह


कैरो
रमजान २४

प्रिय खाला,

मी हरलो. नर्गिस वर जात नाही. मी भांडलो, राजीनामा देतो म्हणालो. शौकत बे म्हणाले, दे, पण आधी शेवटची पानं दे.

तू तो पण सोडून दे. तूपवाल्यांच्या आणि आखातातल्या वाहिनीच्या सोयीने तुम्ही दोघींनी का वागायचं? लोक काय म्हणतील ते म्हणू देत. आई फोनवर रोज विचारते, “खाली काय चाललंय?” मी विचारतो, कुणाचं? तर म्हणते, “मालिकेत.” तिला काय विचारायचं असतं ते मला कळतं.

आणि अम्मोंचं दुसरं लग्नबिग्न काही नाही. माझ्यावर विश्वास ठेव.

वगीह


दमनहूर
रमजान २६

वगीह,

दार बंद तर दार बंद. मी शब्द दिलाय. तुझ्यासारखा माझा शब्द कुणी निर्माता फिरवत नाही.

इफ्तारचं आमंत्रण तसंच ठेवलंय. कतायफ करणार आहे. आमच्याकडे मसूर अचानक संपलेत. गोणीभर होते. लबीबना विचारलं तर म्हणतात, उंदीर. एवढे मसूर खाणारा उंदीर मला बघायचाय.

तफीदा


दमनहूर
शव्वाल ४

वगीह, माझ्या राजा,

ईद मुबारक. आधी एक सांग: शेवटच्या भागात दारं उघडली की नाही? तू नाही म्हणाला होतास ते लक्षात आहे, पण म्हटलं, ऐन वेळी बदललं असेल. इथे कुणालाच ठाऊक नाही. सगळ्या इमारतीत एकानेही तो भाग शेवटपर्यंत पाहिला नाही. नीट क्रमाने सांगते.

बैठक माणसांनी गच्च भरली होती. कुणी खुर्च्या आणल्या, कुणी उश्या. कतायफच्या बश्या फिरत होत्या. नर्गिस दारामागे येऊन उभी राहिली, हात कडीवर. सगळे पुढे सरकले. आणि नेमकी तेव्हाच तुपाची जाहिरात लागली. ती बाई तळतेय, तळतेय, आणि मला आवाज ऐकू आला:

“तफीदा, ती बसबूसा मी खाल्ली.”

मला वाटलं टीव्हीच बोलला. बघते तर लबीब टीव्हीच्या पुढ्यात उभे, तुपाच्या डब्याच्या अगदी मधोमध. चेहरा पांढरा. मग सगळं सांगितलं, सगळ्यांसमोर. जिन्याचं वळण, कोपऱ्यातली वडी, नळ, शपथ. आणि मसूर! मशिदीपुढच्या जेवणाच्या मांडवात दहा माणसं यांनी आमच्या मसुरांवर जेवू घातली आणि मी तिकडे उंदरांचा पिंजरा लावून बसले होते. म्हणाले, शेखचं उत्तर वगीहने आणून दिलं, मी तुझाच नवरा आहे, पण यापुढे खोटा नवरा म्हणून राहायचं नाही.

एवढ्या वर्षांचा राग, आणि तो ठेवायला अचानक जागाच नाही. मी एवढंच विचारलं, “कशी झाली होती?”

ते म्हणाले, “तुझ्यापेक्षा चांगली.”

बघ, माणूस एकदा खरं बोलायला लागला की कुठे थांबायचं ते त्याला कळत नाही. त्याचा हिशेब मी नंतर केला. यांच्या सोफ्यावरच्या रात्रींचंही ऐकून घेतलं. म्हटलं, मी परकी होते असं वाटत होतं, तर एवढी वर्षं फुकट स्वयंपाक का करून घेतला? पगार द्यायचा होता.

पण ते नंतर. तेव्हा मी उठले. निळ्या काठाची बशी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या हातात होती, त्या खात होत्या. मी ती तशीच हातातून काढून घेतली, कढईतल्या कतायफ तिच्यात भरल्या आणि निघाले. मागे बघितलंच नाही की जाहिरात संपली का. मालिकेत नर्गिस काय करतेय, ते मला आठवलंसुद्धा नाही. जिना चढताना मागे पावलं वाजायला लागली, तर सगळी बैठक माझ्या मागून येत होती, तोंडात कतायफ घेऊन.

मी दार वाजवलं. इगलालने उघडलं. तिच्या मागे तुझ्या मालिकेचं संगीत चालू होतं आणि भिंतीपर्यंत खोके रचलेले होते. तिने आधी बशी बघितली. ओळखली. मग मला बघितलं, मग माझ्या मागचा सगळा जमाव.

म्हणाली, “एक मजला चढायला एवढी वर्षं लावलीस? गुडघे तर माझे गेलेत.”

मी म्हटलं, “लबीबने खाल्ली.”

ती म्हणाली, “सगळी?”

मी म्हटलं, “सगळी. आणि बशी धुतली.”

ती उंबऱ्यावरच बसली. आधी मला वाटलं गुडघा गेला. ती हसत होती. हसता हसता म्हणाली, बाई, मला वाटलं तू माझी बसबूसा पोटात घालून वर बशी रिकामी आली म्हणून गल्लीभर ओरडलीस, एक साधं आभाराचं ‘हात सलामत राहोत’सुद्धा नाही. आणि मग ती रडायला लागली आणि मीही तिच्या शेजारी बसून रडले. वगीह, मला फार रडू आलं. एका माणसाच्या गोडाच्या हावरेपणापायी आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो. सगळा जिना नाकं पुसत होता. लबीब खालच्या वळणावर उभे होते, वर यायची हिंमत नव्हती. तुझ्या आईने त्यांना हाक मारून वर बोलावलं आणि हातावर एक कतायफ ठेवली, पाक पुसून.

त्यानंतर आमची तीन भांडणं झाली. एक ईदच्या कहक बिस्किटांत किती खजूर भरायचा यावरून, एक खोक्यांवरून, आणि एक लहानपणीच्या रजईवरून. तिच्या मते रजई मी ओढायचे. तुझ्या शौकत बेंना सांग, पुढच्या पर्वाची काळजी करू नका. त्या दोघींची दारं उघडा. खरी भांडणं बोलायला लागल्यावरच सुरू होतात. दार बंद ठेवून कोण काय भांडणार?

ती उद्या सकाळच्या गाडीने येतेय, हे पत्र तिच्याच हाती देतेय. मी थांब म्हटलं नाही. जिना तिच्याने खरंच चढवत नाही, आणि तू तिला नेतोयस ते बरोबर करतोयस. वरची जागा रिकामी होईल. टोपली दोरीसकट ती मला देऊन चालली आहे. खालच्या मजल्यावरून टोपली सोडून मी काय करू, माझी बाल्कनी रस्त्याला टेकलीय. पण मी घेतली.

बशी तिच्यासोबत आहे, कहक भरलेली, फडक्यात बांधलेली. लबीब म्हणाले, स्टेशनपर्यंत मी धरतो. मी म्हटलं, तुम्ही बॅग धरा.

इगलालला कळतं, पण तूही लक्षात ठेव, कारण कैरोत राहून तुम्ही रीतभात विसरता. ही बशी माझी आहे. ती परत यायला हवी. घाई नाही, कुणी इकडे येणारा असेल तेव्हा पाठवा. दोन लिंबं ठेवली तरी चालेल. पण रिकामी नको. आणि आली की मी पुन्हा भरून पाठवणार आहे, तर तीही रिकामी ठेवायची नाही.

आणि धुवायची नाही.

तुझी
तफीदा खाला